एका रकान्यात किती नावे

प्रस्तावना

आमची सोसायटी कळव्यात, खारेगावच्या बाजूला. मध्यंतरी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘डीम्ड कन्व्हेयन्स’चा विषय निघाला आणि सेक्रेटरींनी इमारतीखालच्या जमिनीच्या जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स माझ्यापुढे सरकवली. ‘‘तुम्ही डेटाबेसवाले. बघा काही लागतंय का.’’ सातबारा हाताने लिहिलेला होता. भोगवटादाराच्या रकान्यात अकरा नावे एकाखाली एक. त्यांतली चार कंसात, कारण त्या माणसांचा त्या जमिनीवरचा हक्क संपलेला. नावांजवळ वर्तुळात आकडे, ते नाव ज्या फेरफाराने लागले त्याचा क्रमांक. एका नावापुढे ‘ए. कु. मॅ.’, एकत्र कुटुंब मॅनेजर: लिहिलेले नाव एक, पण त्यामागे अख्खे घर उभे. शेवटची दोन नावे जागा संपली म्हणून समासात तिरकी चढवलेली.

कागद हातात धरून मला हसू आले, ते सेक्रेटरींना फारसे आवडले नाही. पण गेली कित्येक वर्षे मी पोटासाठी ज्याच्याशी झटापट करतो आहे, ते सगळे त्या एका चौकोनात शाईने लिहिलेले होते. ओळ एका जमिनीची, रकाना मालकाचा, आणि रकान्यात एका नावाऐवजी यादी. आमच्या धंद्यात याला ‘ॲरे फील्ड’ म्हणतात. ही पुस्तिका त्या ॲरे फील्डबद्दल आहे: ते पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये कसे राहते, आणि जँगो, एसक्यूएलअल्केमी, रेल्स, हायबरनेट अशा कुणा मध्यस्थामार्फत, म्हणजे ओआरएममार्फत, त्याला हात लावताना काय काय घडते.

पुस्तिका हा शब्दही जरा मोठाच झाला. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात पाच-सहा मुलेमुली जमतात. कुणी विटाव्याहून, कुणी मुंब्र्याहून, एकजण दिव्याहून उभा प्रवास करत येतो. त्यांच्यासाठी काढलेल्या टिपणांची ही वही. इंग्रजीत या विषयावर हवे तेवढे वाचायला मिळते, पण त्यातली उदाहरणे असतात पिझ्झ्यावरच्या टॉपिंगची आणि लेखांना लावलेल्या टॅगची. आमच्या मुलांना ती पाठ होतात, अंगी लागत नाहीत. सातबारा दाखवला की त्यांचे डोळे चमकतात, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी त्या कागदावरून भांडणे झालेली आहेत.

आधी मूळ नियम. 1970 सालच्या जूनमध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड या संशोधकाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आज आपण ज्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतो त्याची ती जन्मपत्रिका. त्यात कॉडने उदाहरण घेतले ते एका कर्मचाऱ्याचे. कर्मचाऱ्याचा क्रमांक, नाव, जन्मतारीख, आणि त्याच ओळीत त्याच्या आजवरच्या हुद्द्यांची यादी आणि मुलांची यादी. मग त्याने त्या दोन्ही याद्या उचलून वेगवेगळ्या तक्त्यांत नेल्या, प्रत्येक ओळीत कर्मचाऱ्याचा क्रमांक पुन्हा लिहिला, आणि सांगितले की हे सरळ. एका चौकोनात एकच मूल्य. पुढे यालाच ‘फर्स्ट नॉर्मल फॉर्म’ हे नाव पडले, आणि कॉलेजात तो संध्येसारखा पाठ करून घेतला जातो. का, ते मात्र क्वचितच सांगतात.

कारण साधे आहे. चौकोनात एकच गोष्ट असली की तिच्याबद्दल कुठल्याही बाजूने प्रश्न विचारता येतो. तिला दुसऱ्या तक्त्याशी जोडता येते, खोटी नोंद येऊ नये म्हणून कुलूप लावता येते, तिची स्वतःची माहिती शेजारी लिहिता येते. यादी चौकोनात कोंबली की ती यादी तिच्या धन्याची होते. धन्यामार्फत गेलात तर भेटेल, एरवी नाही.

पण नियम करणाऱ्यांच्याच आळीत बंडखोरही निघाले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 मध्ये पोस्टग्रेसचे काम सुरू केले, तेव्हा रकान्यांत साध्या आकड्या-अक्षरांपलीकडचे काही मावावे हाच त्यांचा हट्ट होता. त्या जुन्या पोस्टग्रेसमध्येही ॲरे होते. 1999 च्या एसक्यूएल मानकात ॲरेला अधिकृत जागा मिळाली. मायएसक्यूएलने ॲरे आजवर घेतलेला नाही, तिथे जेसनवर भागवावे लागते. आणि गंमत अशी की पोस्टग्रेस स्वतःचा संसारही ॲरेच्या मदतीने चालवतो. कुठल्या तक्त्यावर कोणते बंधन आहे याची जी त्याची अंतर्गत नोंदवही, तिच्यात ते बंधन ज्या रकान्यांवर आहे त्यांचे क्रमांक एकाच चौकोनात यादी करून ठेवलेले असतात. शास्त्र शिकवणाराच घरी शास्त्र मोडतो म्हणून नाक मुरडण्याआधी बघावे की तो ते कुठे मोडतो. त्या क्रमांकांना त्या बंधनाबाहेर स्वतःचे आयुष्य नाही. ते एका हाताने एकदा लिहिले जातात आणि वाचताना सगळे एकदम वाचले जातात. तिथे यादी शोभते.

आता मध्यस्थाकडे वळू. ठाण्याच्या कोर्टनाक्यावर ज्यांनी कामे केली आहेत त्यांना ओआरएम समजावून सांगावा लागत नाही. अर्ज लिहून देणाऱ्यापुढे तुम्ही बसता, आपल्या भाषेत आपली अडचण सांगता, आणि तो ती कचेरीच्या भाषेत उतरवतो. विषय, संदर्भ, कलम, विनंती. तुमचा वेळ वाचतो, चुका टळतात. पण त्याने नेमके काय लिहिले ते बहुतेक वेळा आपण वाचत नाही, सही करतो. ओआरएम हा तसा अर्ज लिहून देणारा. तुम्ही पायथनमध्ये किंवा जावामध्ये वस्तू हाताळता, तो त्याचे एसक्यूएल करून डेटाबेसकडे धाडतो. साध्या रकान्यांच्या बाबतीत हा व्यवहार इतका सुरळीत चालतो की मध्ये कुणी आहे हेच विसरायला होते. ॲरे आला की विसरून चालत नाही, कारण दोन्ही बाजूंना ‘यादी’ हा शब्द आहे आणि दोन्ही बाजूंच्या याद्यांचा स्वभाव वेगळा.

वर्गात मी याचे पहिले उदाहरण लोकलचे देतो. स्लो लोकलचा एक तक्ता करा: गाडीचा क्रमांक, सुटण्याची वेळ, आणि एका रकान्यात थांब्यांची यादी. सीएसएमटी, मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड, ठाणे, कळवा. बोटे मोजत आले की कळवा विसावे. पुढे मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. यादी म्हणून हे झकास आहे. क्रमाला अर्थ आहे, सगळे थांबे एकदम वाचायचे असतात, आणि प्रत्येक थांब्यासाठी वेगळी ओळ करून पुन्हा जोडत बसायचा खटाटोप नाही.

आता पोस्टग्रेसला थेट विचारा: विसावा थांबा कोणता? कळवा. कारण पोस्टग्रेस एकापासून मोजतो, आपल्यासारखा. तोच प्रश्न जँगोच्या ॲरेफील्डला विसाचा आकडा देऊन विचारा, तर उत्तर येते मुंब्रा. जँगो पायथनचा मान राखून शून्यापासून मोजतो. कळवा हवे असेल तर त्याला एकोणीस म्हणावे लागते, आणि तो गुपचूप त्यात एक मिळवून अर्ज लिहितो. मग कधीतरी घाई म्हणून तुम्ही मध्यस्थाला बाजूला सारून स्वतः एसक्यूएल लिहिता, सवयीने एकोणीस म्हणता, आणि ठाण्याला उतरता. कळव्याच्या माणसाला यातले दुःख वेगळे सांगायला नको. यादीच्या पलीकडचा आकडा विचारला तर पोस्टग्रेस चूक दाखवतही नाही. तिसावा थांबा कोणता म्हटले की तो शांतपणे ‘नल’ म्हणतो, म्हणजे माहीत नाही. पायथनने त्याच ठिकाणी आरडाओरडा केला असता.

शिवाय कळवा कायम विसावे नव्हते. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये नाहूर झाले त्याआधी ते एकोणिसावे होते. मुलुंड-ठाण्याच्या मध्ये नवे स्थानक होणार असे आम्ही बरीच वर्षे ऐकतो आहोत. ते झाले की एकविसावे. ज्याने कुणी आपल्या प्रोग्रॅममध्ये ‘कळवा म्हणजे विसावा’ असे गृहीत धरून ठेवले असेल त्याचे त्या दिवशी काय होईल? यादीतला क्रमांक ही ओळख नव्हे, ती फक्त आजची जागा.

नावांचेही तेच. व्हीटीचे 1996 मध्ये सीएसटी झाले आणि 2017 मध्ये सीएसएमटी. स्थानकांचा वेगळा तक्ता असता तर एका ओळीत एक शब्द बदलला असता. थांबे प्रत्येक गाडीच्या रकान्यात अक्षरांनी लिहिलेले असतील तर प्रत्येक गाडीची प्रत्येक यादी उघडावी लागते. आणि यादीतल्या एकेका नावावर परकी चावी, म्हणजे ‘फॉरेन की’, पोस्टग्रेसमध्ये लावता येत नाही. ‘हे नाव स्थानकांच्या तक्त्यात असलेच पाहिजे’ असे डेटाबेसला बजावण्याची सोयच नाही. मग त्या रकान्यात ‘कळवा’ येते, ‘कळवे’ येते, कारण जुन्या कागदांवर आणि कारखान्यांच्या पत्त्यांवर तेच आहे, ‘कलवा’ येते, आणि कुणाच्या तरी अंगठ्याने शेवटी एक मोकळी जागा दिलेला ‘कळवा ’ येतो. आपल्याला ही एक जागा. यंत्राला चार.

देवनागरीत याहून बारीक एक फास आहे, त्याबद्दल इंग्रजी पुस्तकांत फारसे काही नसते. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ काही कळफलक एकच सांकेतिक अक्षर म्हणून पाठवतात, काही साधा र आणि खाली नुक्ता अशी जोडी पाठवतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखे. डेटाबेस तुलना करतो तेव्हा ते दोन वेगळे शब्द ठरतात, आणि यादीत ‘कऱ्हाड’ डोळ्यांना ढळढळीत दिसत असताना शोध रिकाम्या हाताने परततो. पोस्टग्रेसच्या तेराव्या आवृत्तीपासून अशी अक्षरे एका साच्यात आणणारे ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन मिळते. यादीत काहीही टाकण्याआधी ते वापरावे. या विषयावर वहीत एक अख्खे प्रकरण आहे, आणि ते मी रागाने लिहिले आहे हे वाचणाऱ्याला कळेलच.

आता उलट्या टोकाचा प्रश्न: कळव्याला थांबणाऱ्या गाड्या कोणत्या? फास्ट लोकल सहसा कळव्याला थांबत नाही, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे रोजचा. आतापर्यंत गाडीकडून थांब्यांकडे बघत होतो, आता थांब्याकडून गाड्यांकडे बघायचे आहे. यादी गाडीच्या पोटात असल्याने डेटाबेस प्रत्येक गाडी थांबवून तिचे पोट तपासतो. शंभर गाड्या असतील तर काही बिघडत नाही. दहा लाख ओळी असतील तर चहा पिऊन या.

इथे मला पुन्हा सातबाऱ्याकडे यायचे आहे. महसूल खात्याचे कौतुक करण्याची वेळ माणसावर क्वचित येते, ती दवडू नये. गाव नमुना सात जमिनीच्या बाजूने लिहिलेला असतो: गट किंवा सर्व्हे क्रमांक सांगा, मालकांची यादी मिळेल. बारा पिकांचा. पण ‘या माणसाची गावात एकूण जमीन किती आणि कुठे?’ हा प्रश्न नमुना सातला विचारला तर तलाठ्याला सगळे दप्तर पालथे घालावे लागेल. म्हणून नमुना आठ-अ. तो खातेदाराच्या बाजूने लिहिलेला: खाते उघडा, त्याखालचे सगळे गट क्रमांक समोर. तीच माहिती, फक्त उलटी मांडलेली. पोस्टग्रेसमधला ‘जिन’ नावाचा निर्देशांक अगदी हेच करतो. त्याच्या नावातच ‘उलटा’ हा शब्द दडलेला आहे. यादीतले प्रत्येक मूल्य घेऊन तो त्याचे एक खाते उघडतो आणि त्याखाली, ते मूल्य कोणकोणत्या ओळींत आहे, ते मांडतो. मग कळव्याच्या गाड्या शोधायला एक खाते उघडले की झाले.

हाताने लिहिण्याच्या काळात आठ-अ आपोआप तयार होत नसे. सातबाऱ्यावर एक नाव वाढले की तिथेही हात लावावा लागे. जिनचेही तसेच. वाचन स्वस्त होते ते लिखाणाच्या जिवावर. आणि निर्देशांक असूनही तो वापरला जाईलच असे नाही, कारण प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला यावर ते ठरते. ‘या यादीत कळवा समाविष्ट आहे का’ असे @> या चिन्हाने विचारले तर जिन मदतीला येतो. ‘कळवा हे यादीतल्या कुठल्याही एकाशी जुळते का’ असे ‘एनी’ वापरून विचारले तर येत नाही. अर्थ तोच, उत्तर तेच, वेळ मात्र शंभरपट. जँगोचे ‘कंटेन्स’ पहिल्या पद्धतीने अर्ज लिहिते. एसक्यूएलअल्केमीत ‘कंटेन्स’ही आहे आणि ‘एनी’ही, आणि सवयीने माणूस दुसऱ्याला हात घालतो कारण ते नाव तोंडात चटकन बसते. अर्ज लिहून देणाऱ्याने काय लिहिले ते सही करण्याआधी वाचा, असे मी वर्गात दर रविवारी सांगतो. मुले माना डोलावतात आणि वाचत नाहीत. मीही त्यांच्या वयात वाचत नव्हतो.

त्याची किंमत एकदा मोजली आहे. मुलांना शाळेत नेणाऱ्या एका खासगी बससेवेसाठी मी एक छोटी प्रणाली करून दिली होती. बस, चालक, आणि एका रकान्यात थांब्यांची यादी. सगळे छान चालले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसात दोघीजणी दोन संगणकांवर बसून नवे थांबे टाकत होत्या. एकीने एका बसची यादी उघडली, शेवटी विटावा जोडले आणि जतन केले. दुसरीने तीच यादी अर्धा मिनिट आधी उघडलेली होती. तिने मनीषानगर जोडले आणि जतन केले. तिच्या पडद्यावरच्या यादीत विटावा नव्हतेच, त्यामुळे तिने जतन करताच डेटाबेसमधूनही ते गेले. कुठेही लाल अक्षर उमटले नाही, कुणाची चूक दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विटावा नाक्यावर एक बाप मुलीला घेऊन पावसात उभा होता, आणि बस समोरून निघून गेली. फोन मला आला. यायलाच हवा होता. प्रोग्रॅम माझा होता.

हा अपघात कसा घडतो ते नीट पाहण्यासारखे आहे. पायथनमध्ये यादीला ‘अपेंड’ म्हटले की वाटते, आपण शेवटी एक नाव जोडले. प्रत्यक्षात मध्यस्थ डेटाबेसला असे सांगत नाही. तो सांगतो: जुनी यादी फेक, ही नवी अख्खी यादी ठेव. तलाठ्याने नवे नाव लावण्यासाठी अख्खा सातबारा घरी नेऊन, आठवणीने नवा लिहून आणावा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने दुसरा लिहून आणावा, तसे हे. म्हणून वहीतल्या चौथ्या प्रकरणात ‘डेटाबेसलाच जोडायला सांगणे’ शिकवले आहे. पोस्टग्रेसकडे ‘ॲरे अपेंड’ नावाचे फंक्शन आहे. जँगोमधून ते जरा वळसा घालून बोलवावे लागते, पण मग दोघींनी जोडलेली नावे राहतात. दुसरा मार्ग, वाचतानाच ओळीला कुलूप घालण्याचा. तिसरा मार्ग म्हणजे थांब्यांचा वेगळा तक्ता, जिथे दोन नवे थांबे म्हणजे दोन नव्या ओळी आणि भांडणाचा प्रश्नच नाही. त्या बससेवेसाठी मी शेवटी तिसरा धरला.

एसक्यूएलअल्केमीत याच्या उलट फजिती होते. यादी जागच्या जागी बदलली तर मध्यस्थाला ते कळतच नाही. त्याच्या लेखी रकान्यात अजून तीच वस्तू आहे, मग अर्ज कशाला लिहायचा? तुम्ही जतन करता, तो मान डोलावतो आणि काही पाठवत नाही. ‘म्यूटेबल लिस्ट’ नावाची गुंडाळी घातली की तो जागा होतो. रेल्समध्ये 4.2 आवृत्तीपासून हे आपोआप लक्षात येते. हायबरनेटमध्ये साध्या याद्या थेट ॲरेच्या रकान्यात ठेवण्याची सोय सहाव्या आवृत्तीत आली. त्याआधी बाहेरची लायब्ररी आणावी लागे, नाहीतर तो यादी मुकाट्याने वेगळ्या तक्त्यात नेऊन ठेवत असे. आता मागे वळून पाहताना वाटते, तो भिडस्तपणा नव्हता, शहाणपणा होता.

जँगोची आणखी एक खोड नवशिक्यांना हमखास चावते. रकान्याचे मूळ मूल्य म्हणून रिकामी यादी लिहून दिली की तीच एक यादी सगळ्या नव्या वस्तूंना मिळते. एका पिशवीत दहा घरांची भाजी. तिथे यादी न देता यादी तयार करण्याची कृती द्यावी लागते. जँगो याबद्दल स्वतःहून बजावतो, पण इशारे वाचण्याची आपली परंपरा सर्वांना ठाऊक आहे.

रिकामी यादी आणि यादीच नसणे यांतला फरक मात्र केवळ तांत्रिक नाही. ‘वारस नाहीत’ आणि ‘वारस चौकशी झालेली नाही’ ही दोन वाक्ये तलाठी कार्यालयात एकसारखी मानली तर काय होईल, ते सांगायला नको. पोस्टग्रेसला रिकाम्या यादीची लांबी विचारली तर ‘ॲरे लेंथ’ शून्य न सांगता ‘नल’ सांगते, आणि दोन वाक्यांची सरमिसळ करून टाकते. इथे जँगोचा मध्यस्थ चांगला निघतो. ‘लेन’ म्हटले की तो मागे शून्याची व्यवस्था करून ठेवतो. सगळे अर्ज लिहून देणारे वाईट नसतात, हेही नोंदवले पाहिजे.

मग ॲरे वापरावा की नाही? वर्गात हा प्रश्न पहिल्या तासाला येतो आणि मी उत्तर टाळतो, कारण उत्तर यादीत नसून यादीतल्या माणसात आहे. आठवड्यातले कोणते वार सेवा चालू, रुग्णाचे दिवसभरातले सहा वेळचे साखरेचे आकडे, मासिकातल्या लेखाला लावलेले विषयशब्द: इथे मी बिनदिक्कत ॲरे वापरतो. वार मरत नाही, त्याला वारस लागत नाहीत, त्याचे नाव बदलत नाही. पण यादीतल्या घटकाबद्दल शेजारी काही लिहावेसे वाटले की थांबावे. लोकलच्या थांब्यांशेजारी वेळ हवी झाली की मुले पहिल्यांदा काय करतात? दुसरा ॲरे. एका रकान्यात थांबे, शेजारच्या रकान्यात वेळा, विसाव्याला विसावी. नाहूर जोडताना एका यादीत जोडले आणि दुसरीत राहून गेले की मुलुंडपासून पुढे सगळ्या गाड्या एका स्थानकाने चुकतात. तिथे गाड्या आणि स्थानके यांना जोडणारा तिसरा तक्ताच हवा, आणि तो करताना कंटाळा येतो हे कारण पुरेसे नाही.

माझा कल कुठे आहे ते लपवत नाही. आमच्या धंद्यात गेल्या दहा वर्षांत यादी रकान्यात टाकणे फारच सोपे झाले. जँगोत 2015 साली 1.8 आवृत्तीबरोबर ॲरेफील्ड आले, तेव्हा मी स्वतः हर्षाने ते चार ठिकाणी लावले. त्यांतले तीन पुढे मीच काढले. काढताना ‘अननेस्ट’ या फंक्शनने याद्या उलगडून एकेका नावाची ओळ करावी लागली, आणि तेव्हा कळले की निम्मी नावे दोनदा आहेत, काही तीन पद्धतींनी लिहिलेली आहेत, आणि काहींचा धनी केव्हाच गेला आहे. ते काम आमच्याकडच्या वारस नोंदीच्या प्रकरणांइतकेच चालले. सोपी झालेली गोष्ट वाईट नसते, पण ती करताना पूर्वी जो एक क्षण विचार करावा लागे तो निघून जातो. आधी वेगळा तक्ता करण्याचा त्रास होता, आणि त्या त्रासातच ‘हा घटक स्वतंत्र आहे का’ हा प्रश्न बसलेला होता.

सातबाऱ्यावर तो प्रश्न वर्तुळातल्या आकड्यांनी जिवंत ठेवला आहे. मालकांची यादी एका चौकोनात खरी, पण नुसते नाव तिथे पुरत नाही. ते का आले, कधी आले, कुणाच्या जागी आले याची ओळ नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत, वेगळी लिहिलेली असते आणि वर्तुळातला आकडा तिकडे बोट दाखवतो. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर गेलेले नाव खोडत नसत, कंसात घालत, म्हणजे इतिहासही टिके. सात, आठ-अ आणि सहा: जमिनीकडून, माणसाकडून आणि घटनेकडून. यादी ठेवली, तिचा उलटा निर्देशांक ठेवला, आणि यादीत जे बदल झाले त्यांची क्रमवार वहीही ठेवली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची, हे नमुने ज्या नियमांत आहेत ते 1971 चे, आणि नमुन्यांची मूळ वहिवाट त्याहूनही बरीच जुनी. कॉडचा निबंध संहिता आणि नियम यांच्या मध्ये येतो. त्याला आमचा तलाठी ठाऊक नव्हता आणि तलाठ्याला तो.

वहीतला क्रम असा आहे. पहिल्या प्रकरणात कागद-पेन्सिल लागते, संगणक नाही: मुलांनी सातबाऱ्याची प्रत घ्यायची आणि तिचे तक्ते करायचे. दुसऱ्यात लोकल. तिसऱ्यात जिन आणि शोधाची भाषा, चौथ्यात एकाच यादीला दोघांचे हात, पाचव्यात देवनागरी. शेवटी रकान्यातून यादी बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया, ती मी तीनदा केलेली असल्यामुळे सर्वांत लांब. उदाहरणे मुख्यतः पोस्टग्रेस आणि जँगोची आहेत, कारण वर्गात तेच चालते. एसक्यूएलअल्केमीवाल्यांसाठी जागोजागी चौकटी टाकल्या आहेत.

पहिल्या प्रकरणासाठी जो सातबारा वापरला आहे तो आमच्या सोसायटीचा नव्हे. नावे काढून टाकून, क्रमांक बदलून एक बनावट नमुना केला आहे. खऱ्या कागदाचे काय झाले ते मुले नेहमी विचारतात. अकरांतल्या एका नावाजवळच्या वर्तुळातला आकडा झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये असा काही पसरला होता की तो तीन की आठ, हे कुणालाच सांगता येईना. सेक्रेटरी म्हणाले, तीनच. वकील म्हणाले, आठ असेल तर प्रकरण वेगळे. शेवटी मूळ फेरफार नोंदवही काढायला अर्ज करावा लागला. कोर्टनाक्यावर तो लिहून घेतला, आणि या खेपेला मी तो सही करण्याआधी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात गावाचे नाव ‘कळवा’ होते. नोंदवहीत ‘कळवे’ होते.